दूध संकलन यंत्रातल्या लिनक्सचा सोर्स मागितला, तर काय द्यायचं आणि कुणाला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमची सहा जणांची कंपनी दूध संकलन यंत्र बनवते. काट्यावरचं वजन आणि फॅट मशीनचं रीडिंग घ्यायचं, दर काढायचा, उत्पादकाच्या हातात पावती द्यायची आणि दहा दिवसांनी बिल काढायचं, एवढं काम ते करतं. आत एआरएम प्रोसेसरचा बोर्ड, त्यावर यू-बूट (यंत्र सुरू करणारा बूटलोडर), लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा), बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या कमांड्सचा संच) आणि सगळ्यात वर क्यूटी या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीत लिहिलेला तुमचा प्रोग्राम. आता एका दूध संस्थेच्या वतीने तिथल्या एका सभासदाच्या इंजिनिअर मुलाने पत्र पाठवलंय: यंत्रात लिनक्स दिसतो, तर त्याच्या जीपीएल या मुक्त लायसन्सप्रमाणे सोर्स कोड, म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ कोड, द्या. तुमचे वकील म्हणतात, माल तुमचा, काहीही देऊ नका. आणि तुम्हाला भीती अशी की दर काढण्याचा सगळा कोड उघडा पडेल आणि उद्या दुसरा कुणी तो उचलून तसंच यंत्र विकेल.

द्यावा लागेल. पण तुम्हाला वाटतंय तेवढा नाही. मी वीस वर्षं असल्याच बोर्डांवर काम करतोय आणि या पत्राला घाबरलेले बरेच जण पाहिलेत. एकदा पेटीत काय काय आहे ते नीट मांडून पाहिलं की भीती बरीचशी ओसरते.

वकिलांच्या मुद्द्यापासून सुरू करू. पेटी तुमची, पत्रा तुमचा, वरचा प्रोग्राम तुमचा. कर्नल तुमचा नाही. तो जगभरातल्या हजारो लोकांनी लिहिलेला आहे आणि त्यातल्या प्रत्येकाचा किंवा त्याच्या कंपनीचा आपापल्या ओळींवर कॉपीराइट आहे. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत धरला जातो. म्हणजे दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रामच्या प्रती काढून विकायचा अधिकार तुम्हाला मुळात नाहीच. तो दिला जीपीएलने, आणि देताना अटी घातल्या. अटी नको असतील तर अधिकारही राहत नाही. 'फुकट मिळालं' आणि 'मालकी मिळाली' यात जी गल्लत होते, ती इथेच होते.

अट लागू होते ती वाटपाच्या क्षणी. तुमच्या वर्कशॉपमध्ये कर्नल कितीही बदला, कुणाला काही सांगायची गरज नाही. यंत्र टेम्पोत चढून संस्थेकडे गेलं की तुम्ही एक प्रत दुसऱ्याच्या हातात दिली. तिथून पुढे ती प्रत ज्याच्याकडे आहे त्याला तिचा सोर्स मिळाला पाहिजे. पैसे घेऊन विकलं की फुकट दिलं, याने काही फरक पडत नाही. जीपीएल विकायला कधीच मनाई करत नाही.

आता पेटी उघडू.

कर्नल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, जून १९९१ ची. फक्त दुसरी, 'किंवा पुढची कोणतीही' अशी सोय त्यात नाही. त्याच्या लायसन्सच्या फाइलमध्ये लिनस टोर्वाल्ड्स यांनी पूर्वीच एक खुलासा घालून ठेवलाय: नेहमीच्या सिस्टिम कॉलमधून (कर्नलकडे काम मागायच्या ठरलेल्या वाटेने) कर्नलची सेवा घेणारे प्रोग्राम हे कर्नलपासून बनलेलं काम समजले जात नाहीत. तुमचा दर काढणारा प्रोग्राम नेमका असाच आहे. फाइल उघडतो, सिरियल पोर्ट वाचतो, पावती छापतो. कर्नलमुळे त्याचा सोर्स द्यावा लागत नाही. एकाच मेमरी कार्डावर दोन्ही शेजारी बसले म्हणूनही द्यावा लागत नाही. नुसतं एकत्र ठेवणं आणि एकात एक मिसळणं यात जीपीएल स्वतःच फरक करतं.

तुमच्या पत्रातल्या ज्या वाक्यावरून तुम्ही पटकन पुढे गेलात, त्याकडे मात्र थांबून बघा: 'लोडसेलच्या चिपसाठी कर्नलमध्ये थोडा बदल केलाय.' लोडसेल म्हणजे वजन मोजणारा सेन्सर; त्याच्यासाठीचा हा बदल कर्नलचाच भाग झाला. तो द्यायचा. बदललेल्या फाइलमध्ये तुम्ही बदल केलाय याची आणि तारखेची ठळक नोंद असायला हवी, हीही अट आहे, आणि ती जवळजवळ कुणीच पाळत नाही. कुणीतरी तुम्हाला सांगेल की ड्रायव्हर (चिप चालवणारा कोड) वेगळं मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये नंतर चढवायचा तुकडा, करून टाका, मग त्याचा सोर्स द्यावा लागत नाही. अशी मॉड्यूल लोक वापरतात, त्यावर वर्षानुवर्षं वाद चालू आहेत. जीपीएल नसलेलं मॉड्यूल चढवलं की कर्नल स्वतःवर 'टेंटेड' (डागाळलेला) असा शिक्का मारतो, आणि कर्नलमधली कित्येक फंक्शन्स जीपीएल मॉड्यूललाच वापरू देतो. माझं मत विचाराल तर वजन मोजणाऱ्या चिपच्या दोनशे ओळींसाठी हा झगडा करू नका. त्यात तुमचं गुपित काहीच नाही. चिपचं रजिस्टर कसं वाचायचं हे तिच्या डेटाशीटमध्ये छापलेलं असतं. तुमची मेहनत आहे दराच्या तक्त्यात, कॅलिब्रेशनमध्ये, बिलाच्या हिशोबात, आणि ती वरच्या प्रोग्राममध्ये आहे.

'सोर्स' म्हणजे काय, यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण इथेच चांगल्या मनाने देणारेही चुकतात.

दुसऱ्या आवृत्तीच्या तिसऱ्या कलमात व्याख्या आहे. त्या बायनरीत (यंत्रात चालणाऱ्या तयार प्रोग्राममध्ये) असलेल्या सगळ्या मॉड्यूलचा सोर्स, इंटरफेसच्या फाइली, आणि तो कंपाइल व इन्स्टॉल करायला लागणाऱ्या स्क्रिप्ट. म्हणजे मूळ साइटवरून उतरवलेली कर्नलची झिप पाठवून भागत नाही. तुमच्या यंत्रात जो कर्नल चालतोय, तोच बांधता आला पाहिजे. त्यासाठी तुमच्या बदलांचे पॅच हवेत, कर्नलची कॉन्फिग फाइल हवी, डिव्हाइस ट्री (बोर्डावर काय काय जोडलंय त्याची फाइल) हवा, बिझीबॉक्सची कॉन्फिग वेगळी हवी, यू-बूटमधले बदल हवेत. कंपायलर कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा, हेही लिहून द्या.

मी हे तपासतो असं. नवीन लागलेल्या मुलाला किंवा मुलीला एक कोरा लॅपटॉप आणि गिऱ्हाइकाला जाणार तोच पेन ड्राइव्ह देतो. ऑफिसच्या सर्व्हरचा पासवर्ड द्यायचा नाही, आणि जुन्या माणसाने शेजारी बसायचं नाही. पेन ड्राइव्हवरची 'आधी वाचा' फाइल वाचून कर्नल बांधायचा, बोर्डावर चढवायचा आणि काट्यावर पाच किलोचं वजन ठेवून आकडा येतो का ते बघायचं. पहिल्या खेपेला हे कधीच जमत नाही. एकदा आमच्याकडे सगळं होतं, फक्त एक हेडर फाइल नव्हती. ती एका सहकाऱ्याच्या होम डिरेक्टरीत राहिली होती आणि बिल्ड स्क्रिप्ट तिथूनच ती उचलत होती. तो नोकरी सोडून गेला असता तर आम्हालाही आमचाच कर्नल बांधता आला नसता. लायसन्स पाळायला म्हणून केलेली ही खटपट आमच्याच कामी आली.

तुम्हाला कदाचित अजून जाणवलेली नसेल अशी एक अडचण: बोर्ड पुरवणाऱ्याने तुम्हाला कर्नलचा सोर्स दिलाय का? बरेचदा मिळते फक्त तयार इमेज, आणि 'कशाला हवाय, चालतंय ना' हे उत्तर. अशा वेळी 'आम्हालाच मिळाला नाही' हे तुमच्या गिऱ्हाइकाला सांगता येत नाही. प्रत तुम्ही दिली, जबाबदारी तुमची. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचं आहे. २००३ साली त्यात लिनक्स असल्याचं लोकांच्या लक्षात आलं. कोड चिप बनवणाऱ्याकडून राउटर तयार करणाऱ्याकडे, तिथून लिंक्सिसकडे असा हातोहात आला होता, आणि त्याच वर्षी सिस्कोने लिंक्सिस विकत घेतल्यामुळे निस्तरायची पाळी सिस्कोवर आली. सोर्स प्रसिद्ध करावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त लिनक्स उभं राहिलं आणि आज ते असंख्य राउटरवर चालतं.

माझ्या वाट्यालाही हे आलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका पुरवठादाराचे बोर्ड घेत होतो, कर्नल तयार येत होता. मग बोर्डावरची घड्याळाची चिप बाजारातून गेली. पुरवठादाराने दुसरी चिप लावून बोर्ड पाठवले आणि नव्या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये नव्हता. लाइट गेली की यंत्र १९७० सालात जायचं. ड्रायव्हर मुख्य लिनक्समध्ये तयार होता, काम अर्ध्या दिवसाचं होतं, पण आमच्या हातात ना त्या कर्नलचा सोर्स, ना कॉन्फिग. पुरवठादाराने फोन उचलणं बंद केलं. सकाळच्या दुधाच्या पावतीवर तारीख चुकली तर उत्पादक गप्प बसत नाहीत, आणि त्यांनी बसूही नये. अखेर आम्ही बोर्डच बदलले, स्वतःच्या खर्चाने. तेव्हापासून खरेदीच्या ऑर्डरमध्येच एक ओळ असते: कर्नल व बूटलोडरचा पूर्ण सोर्स मालासोबत आला नाही, तर बिल पास होणार नाही.

जीपीएल लिहिणारे रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा असंच झालं होतं. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्यांनी सोय केली होती की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा. झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला तो सोर्सशिवाय, आणि ज्याच्याकडे सोर्स होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. जीपीएलची पहिली आवृत्ती १९८९ ची. त्यातली एकेक अट त्या अडलेल्या कागदाच्या बाजूने लिहिलेली आहे, असं मला ती वाचताना नेहमी वाटतं.

पुन्हा तुमच्या यंत्राकडे. वरचा प्रोग्राम क्यूटीमध्ये आहे, म्हणजे तिथे लायसन्स बदललं. क्यूटीचे मुख्य भाग एलजीपीएलखाली, म्हणजे जीपीएलच्या लायब्रऱ्यांसाठीच्या सैल रूपाखाली, मिळतात. तुमच्या प्रोग्रामचा सोर्स द्यावा लागत नाही, पण क्यूटी डायनॅमिक लिंक केलेली (वेगळ्या फाइलीत राहून चालताना जोडली जाणारी) हवी, म्हणजे कुणी तिची बदललेली आवृत्ती टाकली तर तुमचा प्रोग्राम तिच्यावर चालावा. जागा वाचवायला स्टॅटिक लिंक केलं, म्हणजे क्यूटी प्रोग्राममध्येच मिसळून टाकली असेल, तर पुन्हा लिंक करता येईल अशा तुमच्या ऑब्जेक्ट फाइली द्याव्या लागतात. सोपा मार्ग डायनॅमिकचाच. मात्र तपासून पाहा की फॅटचा आलेख काढायला क्यूटी चार्ट्स किंवा स्क्रीनवरच्या कळफलकासाठी क्यूटीचा व्हर्च्युअल कीबोर्ड घेतलाय का. हे दोन्ही एलजीपीएलमध्ये नाहीत, जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत आहेत. ते लिंक केले की तुमचा अख्खा प्रोग्राम जीपीएलखाली येतो, आणि मग तुमची मूळ भीती खरी ठरते. तेच रीडलाइनचं, म्हणजे टाइप केलेली ओळ वाचणाऱ्या लायब्ररीचं. नावावरून साधी लायब्ररी वाटते, पण ती पूर्ण जीपीएल आहे. असं काही सापडलं तर पत्राचं उत्तर द्यायच्या आधी पैसे देऊन क्यूटीचं व्यापारी लायसन्स घ्यायचं, पुढच्या यंत्रांतून तो भाग काढून दुसरा घालायचा, की प्रोग्रामचा सोर्स खुला करायचा, हे ठरवावं लागेल. आणि जी यंत्रं आधीच गेली, त्यांच्यासाठी या कामातला अनुभवी वकील गाठा. हे सोडून बाकी सगळं कागदपत्रांचं काम आहे. हे मात्र धंद्याचं आहे.

तिसऱ्या आवृत्तीत, २००७ च्या, आणखी एक अट आहे. घरगुती वापराच्या वस्तूत ती आवृत्ती असलेला प्रोग्राम घातला, तर बदललेला प्रोग्राम त्या वस्तूवर चढवायला लागणारी माहितीही द्यायची, मग त्यात डिजिटल सहीच्या किल्ल्या आल्या तरी. दूध संस्थेचं यंत्र घरगुती वस्तू नाही, त्यामुळे माझ्या मते ही अट तुम्हाला लागत नाही. तरीही बूटलोडरला सहीचं कुलूप लावणार असाल तर बॅश (कमांड चालवणारं शेल) वगैरे तिसऱ्या आवृत्तीतली साधनं यंत्रात ठेवू नका. बिझीबॉक्स दुसऱ्या आवृत्तीत आहे आणि तुमचं सगळं त्यावर भागतं.

याच ओघात वैधमापनचा विषय येतो. काट्यावर सरकारी शिक्का आहे, सोर्स दिला तर कुणीही वजनात फेरफार करेल, असं तुम्ही लिहिलंय. सोर्स देणं म्हणजे शिक्का तोडायची परवानगी देणं होत नाही. शिक्क्याचा कायदा वेगळा आहे आणि तो त्या मुलालाही लागू आहे. वजनात फेरफार करायचा असेल त्याला सोर्स लागत नाही, लोडसेलखाली एक पाचर पुरते.

सोर्स द्यायच्या पद्धतीत एक बारकावा आहे, तो बहुतेकांना ठाऊक नसतो. दुसऱ्या आवृत्तीत तुमच्यासारख्यांना दोन वाटा आहेत. यंत्रासोबतच सोर्स द्यायचा, किंवा निदान तीन वर्षं चालेल असं लेखी आश्वासन द्यायचं. आश्वासनाची वाट धरली तर मागणारा तुमचं गिऱ्हाईक असलाच पाहिजे असं नाही. कुणीही तिऱ्हाईत मागू शकतो आणि तुम्ही फक्त प्रत काढून पाठवायचा खर्च घेऊ शकता. यंत्रासोबतच दिलात तर तुमचं काम तिथेच संपतं. म्हणून माझा सल्ला: पेटीत पावतीच्या रोलशेजारी एक पेन ड्राइव्ह ठेवा आणि चलनावर त्याची नोंद करून सही घ्या. ज्या संस्थांना आधीच यंत्रं गेली त्यांना ना सोर्स गेला ना आश्वासन. त्यांनाही पुढच्या सर्व्हिसच्या फेरीत तो द्या.

नकार दिला तर काय, हेही विचारलंय. दुसऱ्या आवृत्तीचं चौथं कलम सांगतं की अट मोडली की तुमचा अधिकार आपोआप संपतो. नोटीस लागत नाही. त्यानंतर विकलेलं प्रत्येक यंत्र हा कॉपीराइटचा भंग. जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने २००४ सालीच नेटफिल्टर या कर्नलमधल्या फायरवॉलच्या भागाचे एक लेखक हाराल्ड वेल्टे यांच्या बाजूने सिटेकॉम या कंपनीविरुद्ध मनाई हुकूम दिला होता. दावा सहसा कोडचे लेखक लावतात. पण २०२१ साली सॉफ्टवेअर फ्रीडम कन्झर्व्हन्सी या अमेरिकी संस्थेने व्हिजिओच्या टीव्हीबद्दल कॅलिफोर्नियात दावा लावला तो टीव्ही विकत घेणारा ग्राहक म्हणून. त्यामुळे 'तो पोरगा काय करणार' या हिशोबावर बसू नका. दिलासाही आहे: २०१७ साली कर्नलच्या अनेक लेखकांनी मिळून जाहीर केलं की तिसऱ्या आवृत्तीतली सवलत ते कर्नललाही देतात. पहिल्यांदाच चूक झाली आणि लेखकाची नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांत सुधारली, तर अधिकार परत मिळतो. तुम्हाला अजून लेखकाची नोटीस आलेली नाही, संस्थेचं पत्र आलंय. ही वेळ चांगली आहे.

सर्व्हरवरचं, म्हणजे उत्पादकांना मेसेज पाठवणारं आणि संस्थेला आलेख दाखवणारं जे काही आहे, ते तुमच्याकडेच चालतं. त्याची प्रत कुणाला जात नाही, म्हणून साधं जीपीएल तिथे लागू होत नाही. अपवाद एजीपीएलचा, म्हणजे नेटवर्कवरच्या वापरालाही लागू होणाऱ्या जीपीएलचा. आलेखासाठी ग्राफाना वापरताय असं दिसतं. ते २०२१ पासून एजीपीएलमध्ये आहे. जसंच्या तसं वापरलं तर काही द्यावं लागत नाही. त्यात स्वतः बदल केलात तर नेटवर्कवरून ते वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स द्यायचा.

एमआयटी, बीएसडी, अपाचे या लायसन्सखालच्या लायब्रऱ्यांचं काम सोपं आहे. त्यांची कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत द्या, अपाचेमध्ये नोटिसची फाइल असेल तर तीही. एसक्यूलाइट ही डेटाबेसची लायब्ररी सार्वजनिक आहे, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही, तिला काहीच लागत नाही. पावतीवरच्या मराठीसाठी 'मुक्त' किंवा 'लोहित' हा फॉन्ट घेतला असेल तर ते ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत. यंत्रासोबत खुशाल द्या, छापलेल्या पावतीवर त्याचं कसलंच बंधन येत नाही. फक्त नुसता फॉन्ट वेगळा विकू नका. आणि अर्ध्या 'र'ची जोडणी तुम्ही स्वतः दुरुस्त केली असेल, तर लायसन्सच्या फाइलीत मूळ नाव राखून ठेवलंय का ते पाहा. ठेवलं असेल तर दुरुस्त फॉन्टला वेगळं नाव द्यावं लागेल.

आता पत्राचं उत्तर. वकिली भाषा नको, एवढं पुरे:

'आपल्या संस्थेकडील यंत्रात लिनक्स कर्नल, यू-बूट, बिझीबॉक्स व क्यूटी हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. यंत्रासोबत त्याचा सोर्स द्यायचा राहिला, ही आमची चूक. तो आमच्या बदलांसह व बांधणीच्या सूचनांसह तीन आठवड्यांत विनामूल्य पाठवतो. दर व बिल काढणारा प्रोग्राम आमचा स्वतंत्र आहे, तो यात नाही. बांधताना अडचण आल्यास या नंबरवर फोन करावा.'

तीन आठवडे लिहिलेत ते कोऱ्या लॅपटॉपच्या चाचणीसाठी. ती झाल्याशिवाय पेन ड्राइव्ह बाहेर काढू नका. आणि जमलं तर कुरियर करण्याऐवजी स्वतः घेऊन जा. तुमच्या यंत्रात डोकं घालून पाहणारा हा पहिला माणूस आहे. त्याने सोर्स का मागितला, यंत्रात त्याला काय खटकलं, हे आधी विचारा. माझा अंदाज, लोडसेलच्या त्या ड्रायव्हरमध्येच काहीतरी सापडलंय.